कोयता दाखवला तर मोठा, गाडीखाली माणूस गेला तर लहान

प्रश्न असा आला आहे: "सतरा वर्षांचा मुलगा खून करतो, बलात्कार करतो, तेव्हा तो लहान नसतो. मग शिक्षेच्या वेळीच लहान कसा होतो? अशा मुलांवर मोठ्यांसारखाच खटला चालवून मोठ्यांसारखीच शिक्षा द्यायची सोय कायद्यात का नाही?"

सोय आहे. 15 जानेवारी 2016 पासून आहे आणि ती वापरलीही जाते. पण ती कोणाच्या वाट्याला येते हे पाहिलंत तर तुमचा राग थोडा वेगळीकडे वळेल, असं मला वाटतं. मी परिवीक्षा अधिकारी म्हणून नोकरी केली. अल्पवयीन आरोपींची प्रकरणं बघणाऱ्या बाल न्याय मंडळाच्या बोलीत 'पीओ मॅडम'. मुलाला पोलिसांनी मंडळापुढे आणलं की त्याच्या घरी जायचं, आईबापांशी, शेजाऱ्यांशी, शाळेत गुरुजींशी बोलायचं आणि दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा, हे माझं काम. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते कायद्याच्या पुस्तकातलं थोडं आणि घरांच्या उंबऱ्यावरचं जास्त आहे.

आधी कायद्याची वाट सांगते. बाल न्याय अधिनियम 2015 मध्ये गुन्ह्यांच्या तीन पायऱ्या आहेत: किरकोळ, गंभीर आणि अतिगंभीर. ज्या गुन्ह्याची किमान शिक्षा 7 वर्षं किंवा त्याहून जास्त आहे तो अतिगंभीर. असा गुन्हा 16 ते 18 वयाच्या मुलाकडून झाल्याचा आरोप असेल तर बाल न्याय मंडळ कलम 15 खाली प्राथमिक मूल्यमापन करतं. गुन्हा करण्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता त्याच्यात होती का, परिणाम त्याला समजत होते का, कोणत्या परिस्थितीत ते घडलं, हे पाहायचं. मुदत तीन महिन्यांची. मंडळाला वाटलं की याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालावा, तर प्रकरण बाल न्यायालयाकडे जातं.

आता 'किमान' हा शब्द नीट बघा. सगळी गंमत, म्हणजे खरं तर सगळी शोकांतिका, त्या एका शब्दात आहे.

खुनाला किमान जन्मठेप, म्हणून खून अतिगंभीर. इथपर्यंत कोणाचीच तक्रार नाही. पण कोयता काढून कोणाचा मोबाइल हिसकावला, तर प्राणघातक शस्त्र वापरून केलेली जबरी चोरी म्हणून किमान शिक्षा 7 वर्षं. जुन्या भारतीय दंड संहितेत ते कलम 397 होतं, नव्या न्याय संहितेत 311 आहे. म्हणजे हाही अतिगंभीर. त्याच कोयत्याने एखाद्याच्या डोक्यात वार केला, तो माणूस महिनाभर आयसीयूत राहून वाचला, तर तो खुनाचा प्रयत्न. त्याला जास्तीत जास्त शिक्षा मोठी आहे, पण किमान शिक्षा नाही. म्हणून तो नुसता गंभीर. कोणी सांगितलं म्हणून एखाद्या पोराने व्यापारी प्रमाणातला गांजा भरलेली सॅक एका स्टॅंडवरून दुसऱ्या स्टॅंडवर नेली तर किमान 10 वर्षं, म्हणून अतिगंभीर. आणि सतरा वर्षांचा मुलगा सोळा वर्षांच्या मुलीबरोबर पळून गेला, दोघं आठ दिवस आत्याकडे राहिली, मुलीच्या बापाने तक्रार दिली, तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी असलेल्या पोक्सो कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 10 वर्षं. तोही अतिगंभीर. मी लिहिलेल्या मूल्यमापनाच्या अहवालांत या शेवटच्या प्रकारातली पोरं किती होती हे आठवलं की अजून चीड येते. मुलगी स्टेशनात ओरडून सांगत असते की मी माझ्या मर्जीने गेले होते. अठराच्या आतल्या मर्जीला कायदा जागाच देत नाही.

उलट, दारू पिऊन भरधाव गाडी चालवून माणसं मारली, तर सदोष मनुष्यवध लागला तरी जुन्या कायद्यात किमान शिक्षाच नव्हती. नव्यात हेतू असेल तर किमान 5 वर्षं आहे. दोन्हीकडे 7 च्या खालीच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात हेच स्पष्ट केलं: कमाल शिक्षा 7 वर्षांहून मोठी असली तरी किमान 7 नसेल तर गुन्हा अतिगंभीर धरायचा नाही. ते प्रकरणही दिल्लीत अल्पवयीनाच्या गाडीखाली एक माणूस गेल्याचंच होतं. 2021 च्या दुरुस्तीने तसा मजकूर कायद्यात घातला.

यावरून पुण्याचं उदाहरण लक्षात आलंच असेल. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरात पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले, गाडीवर सतरा वर्षांचा मुलगा असल्याचा आरोप. त्याच दिवशी जामीन, आणि अटीत 300 शब्दांचा निबंध. अख्खा महाराष्ट्र त्या निबंधावर खवळला. मीही खवळले, पण वेगळ्या कारणाने. मुलाला जामीन देणं हा या कायद्यात नियमच आहे. तीन अपवाद सोडले तर गुन्हा जामीनपात्र आहे की नाही हेसुद्धा बघायचं नसतं. निबंध ही अट विनोदी होती, बेकायदा नव्हती. पुढे मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं, तेव्हा 25 जून 2024 ला मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिल्यावर असं आत ठेवणं बेकायदा ठरवून त्याला सोडायला लावलं. त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै 2025 मध्ये फेटाळली. लोक म्हणाले, पैसा जिंकला. पण पैसा जिथे खरोखर कामाला लागल्याचा आरोप आहे, म्हणजे रक्ताचे नमुने बदलण्यात, तिथे आरोपी मोठी माणसं आहेत. मुलगा कोणत्या पायरीवर बसतो हे किमान शिक्षेच्या आकड्याने आधीच ठरलेलं होतं.

म्हणजे आजची गाळणी कशी आहे? कोयता दाखवून मोबाइल नेणारा झोपडपट्टीतला पोरगा तिच्यात अडकतो, बापाची गाडी पळवणारा खाली निसटतो. मी हे बंगल्यातल्या पोरालाही अडकवा म्हणून सांगत नाही. गाळणीच चुकीची आहे, म्हणून सांगते.

आता त्या कोयत्यावाल्याकडे जरा जवळून जाऊ.

सोळा वर्षं आठ महिने वय. दोन मोठ्या मुलांबरोबर रात्री रस्त्यावर एका डिलिव्हरी बॉयला अडवून मोबाइल आणि सातशे रुपये नेले. कोयता याच्या हातात होता. मी घरी गेले तेव्हा आई भाजीची पाटी आवरत होती. पत्र्याची एक खोली, वर पोटमाळा. भिंतीवर देवांच्या तसबिरींशेजारी एक फ्लेक्सचा तुकडा कापून लावलेला. त्यात वस्तीतल्या एका 'भाई'चा वाढदिवस, आणि खाली शुभेच्छुक म्हणून सतरा-अठरा पासपोर्ट फोटोंच्या रांगेत शेवटून दुसरा आमचा हिरो. आई म्हणाली, "ताई, तो फोटो त्यानं आठवी पास झाल्यावर काढला होता, शाळेच्या फॉर्मला." शाळेच्या फॉर्मचा फोटो भाईच्या फ्लेक्सवर गेला होता. नववीत दोनदा नापास झाल्यावर शाळेने दाखला हातात दिला होता. कोयता कोणी दिला, असं विचारलं तर पोरगं गप्प. मोबाइल कोणाकडे दिला, तर गप्प.

मूल्यमापनाच्या दिवशी मानसशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी विचारलं, "असं केल्यावर काय होईल हे तुला माहीत होतं का?"

तो म्हणाला, "हो."

"काय होईल?"

"आई मारेल."

हे उत्तर मी अहवालात जसंच्या तसं लिहिलं. वाचणाऱ्यांपैकी एकाने त्यातून अर्थ काढला की परिणामांची जाणीव आहे. दुसऱ्याने काढला की नाही. सांगा, कोण चुकलं? मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते सदस्य असतात, त्यांतली एक तरी स्त्री. चांगली माणसं असतात बहुतेक. पण काही महिन्यांपूर्वी रात्री साडेअकराला या पोराच्या डोक्यात काय चाललं होतं हे आज दुपारी एसी खोलीत बसून मोजायचं मोजमाप कोणाकडे आहे? सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2022 मध्ये गुरुग्रामच्या शाळेतल्या मुलाच्या प्रकरणात हाच घोळ दाखवून दिला. मंडळात बालमानसशास्त्राचं शिक्षण घेतलेलं कोणी नसेल तर तज्ज्ञांची मदत घ्यावीच लागेल, आणि नुसती बुद्धिमत्ता चाचणी म्हणजे परिणामांची समज नव्हे, असं न्यायालयाने सांगितलं. त्याआधी सर्रास काय चालायचं? बुद्ध्यंक काढायचा, तो ठीक आला की 'क्षमता आहे' असा शेरा मारायचा. म्हणजे हुशार पोरगा अडकणार आणि मठ्ठ सुटणार.

आणखी एक खोड बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. हे मूल्यमापन गुन्हा सिद्ध होण्याआधी होतं. मुलगा म्हणतो, मी नव्हतोच तिथे. वकील सांगतात, काही बोलू नकोस. आणि आम्ही त्याला विचारतो, तू हे कोणत्या परिस्थितीत केलंस? जो कबूल करतो तो स्वतःला खड्ड्यात घालतो, जो गप्प राहतो त्याच्या अहवालात 'पश्चात्ताप दिसत नाही' असं येतं. मीही सुरुवातीच्या काळात हे वाक्य लिहिलं आहे. आता लिहिणार नाही.

वयाच्या मर्यादेबद्दल थोडं. 'पूर्वीपासून 18 च आहे, काळाबरोबर 16 करा' असं पुष्कळ जण म्हणतात. पूर्वी 16 च होती. 1986 च्या कायद्यात मुलग्यांना 16 आणि मुलींना 18. 1992 मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला मान्यता दिली, तिच्यात 18 ची रेघ आहे. म्हणून 2000 च्या कायद्यात दोघांनाही 18 केलं. मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा तर 1924 पासून आहे, म्हणजे हे कोणा नव्या एनजीओचं फॅड नव्हे. आणि मुलं तुरुंगात मोठ्यांबरोबर कशी ठेवली जात होती हे पत्रकार शीला बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयासमोर मांडलं, ते 1986 च्या कायद्याच्या आसपासचं. त्या याचिकेची कागदपत्रं वाचून कोणी म्हणणार नाही की मोठ्यांच्या तुरुंगाने पोरं सुधारतात.

मग 2015 ला काय झालं? दिल्लीचं 16 डिसेंबर 2012 चं सामूहिक बलात्काराचं, म्हणजे निर्भया प्रकरण. एक आरोपी अठराला काही महिने कमी. त्याला जास्तीत जास्त जे देता येत होतं ते दिलं, विशेष गृहात, म्हणजे मुलांच्या सुधारगृहात, तीन वर्षं. त्या प्रकरणानंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीने जानेवारी 2013 मध्येच वय खाली आणू नका असं सांगितलं होतं, सर्वोच्च न्यायालयानेही 2013 आणि 2014 मध्ये वय खाली आणा म्हणणाऱ्या याचिका फेटाळल्या. तो मुलगा 20 डिसेंबर 2015 ला सुटला आणि 22 डिसेंबरला राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला. दोन दिवसांत. लोक रस्त्यावर होते, ते समजण्यासारखं आहे. पण अशा धगीत मंजूर झालेल्या गोष्टीत 'किमान'सारखा खडा राहून जातो, तो असा. आणि नवा कायदा त्या मुलाला लागू होणारच नव्हता, कारण आधी घडलेल्या गुन्ह्याला नंतरची जास्त शिक्षा देता येत नाही.

अमेरिकेने हा प्रयोग आपल्या कितीतरी आधी केला. 1990 च्या दशकात तिथल्या बहुतेक राज्यांनी मुलांना मोठ्यांच्या न्यायालयात पाठवणं सोपं केलं. 2007 मध्ये तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या तज्ज्ञगटाने उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. मोठ्यांच्या न्यायालयात गेलेली मुलं नंतर कमी नव्हे, जास्त हिंसक गुन्हे करतात, असं त्यांना आढळलं. मला यात नवल वाटलं नाही. सतरा वर्षांच्या पोराला आदर्श कोण हवा असतो? जो भाई बाहेर फ्लेक्सवर होता तोच आत शेजारच्या बिछान्यावर मिळाला तर?

'मोठ्यांसारखा खटला' म्हणजे दुसऱ्या दिवशी येरवडा असंही नाही, हा गैरसमज पोलिसांतही दिसतो. बाल न्यायालयाने दोषी ठरवलं तरी मुलगा 21 वर्षांचा होईपर्यंत 'सुरक्षित ठिकाणी' राहतो, तुरुंगात नाही. एकविसाव्या वर्षी न्यायालय पुन्हा बघतं: सुधारला असेल तर देखरेखीत सोडतं, नसेल तर उरलेल्या शिक्षेसाठी तुरुंगात. फाशी नाही, सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही. कागदावर ही तरतूद खरं तर वाईट नाही. पण सुधारणा मोजायला आधी काहीतरी करून घ्यावं लागतं. त्या मधल्या वर्षांत पोराला शिक्षण मिळालं का, दारू-गांजाचा उपचार झाला का, समुपदेशक आठवड्याला आला का की फक्त सह्या झाल्या? मला सगळ्यात जास्त भांडणं याच प्रश्नांवर करावी लागली, आणि सगळ्यात कमी यश इथेच आलं.

मला फक्त मुलांची कड घेते म्हणाल, म्हणून हेही सांगते. एका खुनाच्या प्रकरणात मयत मुलाची आई मंडळाच्या बाहेर बाकावर बसायची. दर तारखेला. आत बोलावणं नाही, कारण कामकाज बंद दाराआड. एकदा मला थांबवून म्हणाली, "मॅडम, माझा पोरगा पण सतराचाच होता. त्याचं वय कोण बघणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. आपला कायदा मुलाला सगळीकडून जपतो आणि मयताच्या घराला बाकावर बसवतो. ज्याच्या घरात माणूस गेलं त्याला काय झालं, कोण दोषी ठरला, आता तो कुठे आहे, पुन्हा आमच्या गल्लीत येणार का, एवढं तरी माणसासारखं समजावून सांगायला हवं. तीन वर्षांची मर्यादाही मला प्रत्येक प्रकरणात पुरेशी वाटत नाही. अठराला आठवडा कमी असलेल्या मुलाने ठरवून खून केला असेल, तर तीन वर्षं विशेष गृहात आणि मग 'जा बाबा', हे त्याच्यासाठीही चांगलं नाही. बाल न्यायाच्याच चौकटीत राहून वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत सक्त देखरेख, हजेरी, काम, उपचार यांची सक्ती करता आली पाहिजे, असं माझं मत. तेवढ्यासाठी त्याला मोठा म्हणायची गरज नाही. 'किमान शिक्षे'ची ही खिडकी मात्र बंद करावी, आणि निदान पळून गेलेल्या पोरापोरींच्या प्रकरणांत कलम 15 चा मूल्यमापनाचा फार्स थांबवावा.

संख्येच्या भीतीने घाबरू नका. देशात नोंदल्या जाणाऱ्या एकूण गुन्ह्यांत अठराच्या आतल्यांचा वाटा वर्षानुवर्षं एक टक्क्याच्या आसपास आहे. तोच मुलगा टीव्हीवर रोज दिसतो, म्हणून ते हजार वाटतात.

ज्या कलमाबद्दल कोणी मोर्चा काढत नाही ते सांगायचं राहिलं. कलम 83(2). मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला किंवा टोळीला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 5 लाखांचा दंड. पोराच्या हातात कोयता देणारा, गांजाची सॅक देणारा, 'तू अल्पवयीन आहेस, तुला काही होत नाही' असं कानात सांगणारा, त्याच्यासाठी हे कलम आहे. गाडीची किल्ली देणाऱ्या बापासाठी मोटार वाहन कायद्यात 199-अ आहे: 3 वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. माझ्या अख्ख्या नोकरीत 83(2) लावलेलं दोषारोपपत्र माझ्या टेबलावर दोनदा आलं. पोरांच्या फायली मोजायला मात्र मला रॅक लागायचं.

कोयत्यावाल्या मुलाला मंडळाने आपल्याकडेच ठेवलं. दोन वर्षं माझ्या देखरेखीत, दर शनिवारी हजेरी. पहिले चार महिने त्याने मला खूप फिरवलं, दोनदा गायबही झाला. मग एका गॅरेजमध्ये लागला, दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. सुरुवातीला गॅरेजवाल्याने रात्री गल्ल्याची किल्ली स्वतःकडे ठेवली, सहाव्या महिन्यात याच्याकडे दिली. इतकंच, फार काही चमत्कार नाही.

त्याच्याबरोबरच्या दोन मोठ्यांपैकी एकाला जामीन झाला. भाईला तर कोणी विचारलंच नव्हतं. पुढच्या वर्षी त्याच चौकात भाईच्या वाढदिवसाचा नवा फ्लेक्स लागला, खाली नव्या पोरांचे फोटो. मी स्थानिक पोलिस ठाण्यात फोन करून सांगितलं की यातली निदान चार पोरं अठराच्या आतली दिसतायत, जरा बघा. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, अनधिकृत फ्लेक्सचं महापालिका बघते."